पंख्याखालची सिस्टीम

थोरल्या बहिणीच्या वर्गातले सगळे कॉम्प्युटर फेब्रुवारीच्या एका सकाळी एकच निरोप दाखवू लागले. या मशीनवरची सिस्टीम आता जुनी झाली आहे, तिची देखभाल बंद होणार आहे, आणि नवी सिस्टीम या मशीनवर चालणार नाही, असा त्याचा अर्थ होता. खाली दोन बटणं होती. एक, नवा कॉम्प्युटर पाहा. दुसरं, नंतर आठवण करून द्या. ‘नको’ असं बटण नव्हतं.

ताईने ‘नंतर आठवण करून द्या’ दाबलं. त्यानंतर रोज आठवण होऊ लागली.

वर्ग आमच्या कॉलनीतल्या विहारामागच्या लांबट खोलीत भरायचा. ताई महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झाली होती. निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष तिने घरातली कपाटं आवरण्यात घालवलं. ती आवरून झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. तेव्हा सातपूरच्या एका कारखान्याच्या ऑफिसातून दहा जुने कॉम्प्युटर निघाले आणि ते घ्यायला कुणी नाही असं कळल्यावर तिने ते टेम्पोत घालून आणले. कॉलनीच्या मंडळाने खोली दिली. टायपिंग, पत्र, तक्ते, ईमेल, एवढंच ती शिकवायची. सरकारी परीक्षेचा हा वर्ग नव्हता. इथे येणाऱ्या बाया आणि मुली बारावी झालेल्या, काही लग्न झालेल्या, आणि त्यांना नोकरी हवी असायची ती पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये, लासलगावच्या कांदा व्यापाऱ्याकडे किंवा एखाद्या दवाखान्याच्या काउंटरवर.

सिस्टीम बनवणाऱ्या कंपनीचं नाव इथे देत नाही. वाचकाच्या घरात ते असण्याची शक्यता बरीच आहे.

मार्चमध्ये ताई मला घेऊन एमजी रोडवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेली. दुकानदार पंचेचाळिशीचा, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि वाक्याच्या शेवटी ‘बघा’ म्हणण्याची सवय असलेला होता.

“यात सिस्टीम टाकूनच येते, बघा.”

“मला सिस्टीम नको. नुसतं मशीन द्या.”

“तसं येत नाही.”

“मग काढून द्या.”

“काढून देतो. चहा येईपर्यंत होईल.”

“आणि किंमत?”

“किंमत तीच.”

“काढून घेतलेल्या वस्तूची किंमत कशी लावता तुम्ही?”

“मॅडम, ती मी लावत नाही, बघा. ती लागूनच येते.” त्याने बोट छताकडे केलं. छताच्या वर दुसऱ्या मजल्यावर चष्म्याचं दुकान होतं, पण त्याला त्याच्याही बरंच वर म्हणायचं असावं.

मग त्याने एक मशीन चालू करून दाखवलं. त्यात ऑफिसचा प्रोग्रॅम होता, महिनाभर चालणारा आणि मग पैसे मागणारा. अँटिव्हायरस होता, तोही तसाच. कंपनीचा स्वतःचा ब्राउझर होता. त्याऐवजी दुसरा घ्यायला गेलं की तो आधी विचारायचा, नक्की जायचंय का, इथेच काय वाईट आहे. पत्त्यांचा खेळ होता. कोपऱ्यात हवामान होतं आणि हवामानावर बोट ठेवलं की बातम्या उघडायच्या.

“बातम्याही?” मी विचारलं.

“बातम्या फुकट, बघा.”

बातम्यांच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या माणसाने यावर बोलण्यासारखं फार नव्हतं. मी ज्या पेपरात डेस्कवर होते, त्याने एके काळी वार्षिक वर्गणीबरोबर प्लास्टिकची बादली दिली होती. त्या वर्षी खप वाढला. वाचक वाढले का, हा प्रश्न बैठकीत कुणी काढला नाही. पुढच्या वर्षी शेजारच्या पेपरने झाकण असलेली बादली दिली आणि आमचा खप उतरला.

“सिस्टीम नसलेलं एकही मशीन नाशकात मिळत नाही?” ताईने शेवटचा प्रयत्न केला.

“आहे ना. आतल्या कपाटात एक पडून आहे. गिऱ्हाईक येतं, चालू करतं, काळा पडदा बघतं आणि म्हणतं, हे बिघडलंय.” मग त्याने चष्मा डोळ्यांवर चढवून ताईकडे नीट पाहिलं. “तुमची जुनी मशीन चालू आहेत ना? मग नवी कशाला घेता? त्यांच्यावर फुकटची सिस्टीम टाका. कुणाचं लायसन लागत नाही, जुन्यावरही चालते. माझ्या घरी तीच आहे.”

“घरी ती आणि इथे ही?”

“इथे धंदा आहे, बघा.”

त्याने खणातून एक पेन ड्राइव्ह काढून दिला आणि तो परत आणून द्यायला बजावलं. आम्ही काहीच विकत न घेता बाहेर पडलो. तो दारापर्यंत सोडायला आला होता.

संध्याकाळी दाजी शेतावरून आले. ताईच्या नवऱ्याची पिंपळगावजवळ थोडी जमीन आहे. सकाळी मोटारसायकलवर जायचं आणि संध्याकाळी चहाला परत यायचं हा त्यांचा क्रम. ताईने दुकानातली हकीकत रागारागाने सांगितली. दाजींनी बशीत चहा ओतला.

“हे तर लिंकिंग हाय,” ते म्हणाले.

“काय?”

“लिंकिंग. घे लिहून, पत्रकारीणबाई. युरिया मागायला गेलं का दुकानदार म्हणतो, त्याच्यासंगं ही बाटली घ्यावी लागंल. बाटलीत काय हाय? द्रव खत. पिकाला लागतंय का? नाय लागत. मग? मग तुम्हाला युरिया पाहिजे का नको?”

“मग दुसऱ्या दुकानात जायचं.”

“जातो की. तिथं दुसरी बाटली असती.”

शेतातल्या शेडमध्ये अशा बाटल्या आहेत हे मला ठाऊक होतं. त्यांतली एक दाजींनी दार वाऱ्याने आपटू नये म्हणून फटीत लावलेली मी पाहिली होती. ताई म्हणाली, युरियाशिवाय पीक येत नाही, पण या सिस्टीमशिवाय कॉम्प्युटर चालतो, हा फरक आहे. दाजी म्हणाले, “मग चालवून दाखव.”

तिने दाखवलं. पेन ड्राइव्हवरची सिस्टीम तिने भिंतीकडच्या पाच मशीनवर टाकली. एका मशीनने प्रिंटर ओळखला नाही, एकाचा आवाज गेला, बाकी काही झालं नाही. खिडकीकडच्या पाच मशीनवर जुनी सिस्टीम तशीच ठेवली. तीही आणखी वर्षभर चालेल, मग धोक्याची होईल, असं दुकानदाराने सांगितलं होतं. म्हणजे वर्षाने ती पाच मशीन भंगारात तरी जाणार होती किंवा भिंतीकडची सिस्टीम त्यांच्यावर येणार होती. तेवढी नवी मशीन घेणं ताईच्या आवाक्यात नव्हतं.

जबरदस्ती करायची नाही, हे तिने पहिल्या दिवशीच ठरवलं. “मी दुकानदारावर चिडले आणि तेच मी करायचं? ज्याला जे हवं ते त्याने घ्यावं.” मला तिने पुढचंही सांगितलं. मे संपेपर्यंत ती बघणार होती. बाया भिंतीकडच्या मशीनवर बसल्या, तर जूनला नवी बॅच. नाहीच बसल्या, तर वर्ग बंद.

“हे त्यांना सांगितलंस?”

“नाही. सांगितलं तर माझी दया येऊन बसतील. ती काय निवड झाली?”

दाजींनी वर्तमानपत्रातून मान वर न काढता विचारलं, “वर्ग बंद झाला तर परत कपाटं का?” त्या घरात त्या प्रश्नाचा अर्थ सगळ्यांना कळत होता.

पहिली अडचण फळ्यावर झाली. विहाराबाहेरच्या फळ्यावर ताईने लिहिलं, ‘येथे मोफत सिस्टीमवर कॉम्प्युटर शिकवला जाईल.’ दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गल्लीतल्या दोन बाया मुलींना घेऊन आल्या आणि फी आहे म्हटल्यावर दारातूनच वळल्या. जाताना एक दुसरीला म्हणाली, “शाळेत होत्या तेव्हा बाई अशा नव्हत्या.” आधीपासून येणाऱ्या एका मुलीची आई तर वर्गात येऊन उभी राहिली.

“बाई, सिस्टीम फुकटची मिळाली ना तुम्हाला?”

“हो.”

“मग फी कसली घेता?”

“शिकवायची घेते.”

“पण फुकटचंच शिकवणार ना?”

ताईने ‘मोफत’ पुसून ‘मुक्त’ लिहिलं. तेव्हा एकीने विचारलं, मुक्त म्हणजे बाहेरून परीक्षा देतात तसलं का, आणि पदवी मिळते का. तिसऱ्या दिवशी फळ्यावर फक्त वर्गाची वेळ राहिली.

एप्रिल उजाडला. ताईने वर्गात सांगितलं की दोन्ही बाजूंना दोन वेगळ्या सिस्टीम आहेत, काम दोन्हीवर तेच होतं, आणि ज्याने त्याने आपल्या मर्जीने बसावं. सगळ्या खिडकीकडे बसल्या. पाच मशीनवर जागा संपली तेव्हा दोघी-दोघींनी एक खुर्ची वाटून घेतली. भिंतीकडची पाच मशीन काळ्या पडद्यांनी बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तेच. त्या आठवड्यात रोज तेच.

ताईचं निदान तयार होतं. बाजारात जे चालतं, तेच लोकांना हवं असतं. तिच्याकडे पुरावाही होता. वर्गातली एक मुलगी कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात मुलाखतीला जाऊन आली होती. तक्ता करता येतो का, बेरीज लावता येते का, असं तिथे कुणी विचारलं नव्हतं. त्या कंपनीच्या प्रोग्रॅमचं नाव घेऊन ‘ते येतं का?’ एवढंच विचारलं होतं. ऑफिसवाले ते विचारतात म्हणून शिकणारे ते शिकतात, आणि शिकलेले तेच मिळतात म्हणून ऑफिसवाले तेच घेतात. यात ताईसारख्या बाईने बोट कुठे घालायचं, हे तिलाही कळत नव्हतं. पंधरा एप्रिलच्या सुमारास ती मला म्हणाली की मंडळाला सांगून टाकते, जूनपासून खोली दुसऱ्या कुणाला द्या.

मी दोन दिवस वर्गात जाऊन बसले होते. डेस्कवरची एक सवय अशी की कारण गृहीत धरलेली बातमी हातात आली की ती परत पाठवायची आणि संबंधितांना विचारून या म्हणायचं. इथे संबंधितांना कुणी विचारलं नव्हतं. मी वर्गातल्या सगळ्यात बोलक्या मुलीजवळ गेले. ती दवाखान्याच्या काउंटरवर लागायची तयारी करत होती आणि तिचा आवाज आधीच काउंटरचा झाला होता.

“भिंतीकडे का बसत नाही तुम्ही?”

“मावशी, तिकडे फॅन कुठाय?”

मी वर पाहिलं. खोलीत पंख्याचे दोन हूक होते. खिडकीकडच्या हुकाला पंखा होता. भिंतीकडच्या हुकाला दोन वायरींची टोकं आणि त्यांवर चिकटपट्टी होती.

“तिकडचा गेला कुठे?”

“जयंतीच्या तयारीला एक तारखेलाच काढून नेला ना हॉलमध्ये. मंडळवाल्यांनी. दरवर्षी नेतात.”

“सिस्टीम आवडली नाही असं काही नाही?”

“कुठली सिस्टीम?” तिने शेजारणीला कोपराने ढोसलं. “अगं, तिकडे वेगळं काय आहे म्हणे?”

“मॅडमनी सांगितलं होतं की.”

“ते होय. मला वाटलं तिकडची बंद पडलीत.”

ही मुलाखत मी ताईला जशीच्या तशी सांगितली. बाजार, सवय, कंपनीचा दबदबा, यांचा तिने महिनाभर विचार केला होता आणि एप्रिलच्या उन्हाचा केला नव्हता. मग ती हसायला लागली आणि हसता हसता तिने घरातला मोजमापाचा टेप शोधला.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरायच्या आधी आम्ही दोघी आणि विहाराची झाडलोट करणाऱ्या काकू, अशा तिघींनी टेबलं फिरवली. भिंतीकडची पाच मशीन खिडकीत आली, पंख्याखाली. खिडकीतली पाच भिंतीला गेली. वायरी लांबीला पुरल्या नाहीत तेव्हा काकूंनी देखाव्याच्या दिव्यांचं एक्स्टेन्शन आणून दिलं.

अकराला सगळ्या आल्या आणि पंख्याखाली बसल्या. वेगळा पडदा पाहून दोघींनी ‘हे काय’ म्हटलं. काय ते ताईने दाखवलं. जेवणाच्या वेळेपर्यंत तक्ते सुरू झाले होते. आठवडा संपता संपता बोलकी मुलगी शेजारणीला शिकवत होती आणि चुकीचंही तितक्याच आत्मविश्वासाने शिकवत होती.

ताई विजयी चेहऱ्याने घरी आली. तिने दाजींना सगळं सांगितलं, मशीन हलवल्यासकट.

दाजी म्हणाले, “म्हणजे फॅन पाहिजे असंल तर ही सिस्टीम घ्यायची.”

“तसं नाही.”

“मग कसं?”

“त्यांना कुणी अडवलंय का भिंतीकडे जायला?”

“मला तरी कुठं कुणी अडवलंय? मी लय आनंदानं बाटली घेतो.”

“तुमचं आपलं काहीतरीच.”

“घे लिहून,” ते मला म्हणाले. “तुझी ताई बी लिंकिंग करती.”

ताई उठून आत गेली. भांड्यांचा आवाज गरजेपेक्षा जास्त येऊ लागला. दाजींनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, पण त्या रात्री जेवताना तिने त्यांना भाजी दुसऱ्यांदा वाढली नाही हेही मी पाहिलं.

दाजींचं म्हणणं तिला लागलं होतं, कारण ते बरोबर होतं. एमजी रोडवर ज्यासाठी ती भांडली होती, तेच तिने टेबलं ओढून केलं होतं. फरक असलाच तर तिने नफा घेतला नव्हता. पण नफा न घेता केलेली सक्तीही सक्तीच, असं तीच शाळेत शिकवत आली होती. दोन दिवसांनी ती मंडळाच्या सेक्रेटरींकडे गेली आणि पंखा परत मागितला.

“बाई, पौर्णिमा होऊ द्या,” सेक्रेटरी म्हणाले. “बुद्ध पौर्णिमेला हॉल भरतो. लोक घामाघूम होतील.”

“माझ्या मुली रोज होताहेत.”

“रोजच्याला सवय होते, बाई. पौर्णिमेला पाहुणे असतात.”

मेमध्ये पौर्णिमा झाली आणि पंखा परत आला. त्याच्या एका पात्यावर क्रेपच्या कागदाची निळी झालर अजून चिकटलेली होती. तो लागला, फिरू लागला, आणि आता दोन्ही बाजू सारख्या झाल्या. ताईने पुन्हा तेच सांगितलं: मर्जीने बसा.

या वेळी वर्ग दोन भागांत विभागला. बोलकी मुलगी खिडकीकडच्या आपल्या जुन्या जागी, म्हणजे मोफत सिस्टीमवर राहिली आणि तिच्या मैत्रिणी तिच्याभोवती राहिल्या. दुसरा घोळका भिंतीकडे, जुन्या सिस्टीमवर गेला, कारण त्यांची म्होरकी तिकडे गेली. ती का गेली, हे तिलाही विचारलं. तिच्या मोबाइलच्या चार्जरला तिकडचा प्लग बसत होता.

अर्ध्या बसल्या तर काय करायचं, हे ताईने ठरवलंच नव्हतं. तिची अट सरळ होती: बसल्या तर चालू, नाही बसल्या तर बंद. महिना संपत आला होता आणि ती रोज डाव्या आणि उजव्या बाजूची डोकी बघत दाराशी उभी राहायची.

त्याच आठवड्यात वर्गातली एक लग्न झालेली बाई सुट्टी काढून भेटायला आली. तिचं माहेर लासलगावजवळ. रब्बी कांद्याची आवक जोरात होती आणि तिथल्या एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात तिला काम मिळालं होतं. ती एकाच पंख्याच्या काळात मोफत सिस्टीमवर शिकलेली. तिथे अर्थातच कंपनीची होती.

“जड गेलं का?” ताईने लगेच विचारलं.

“नाय मॅडम. सासरच्या स्वयंपाकघरासारखं हाय. मीठ कुठं ठेवलंय ते दोन दिवस सापडत नाय. मग सापडतं.”

ताईचा चेहरा खुलला. पण ती बाई अजून संपली नव्हती.

“पण तुम्ही एक सांगितलं नाय. इथं केलेली फाइल मी तिकडं उघडली, तर तक्ता सरकला. शेतकऱ्याचं नाव एका पानावर अन् कांदा दुसऱ्या पानावर. शेठजी म्हणाले, बाई, कांदा कुठं गेला? सगळे हसले, मॅडम. माझा पहिला दिवस होता.”

“मग?”

“मग काय, बसून सरळ केला. पण आधी सांगितलं असतं तर फाइल त्यांच्या पद्धतीनं साठवून नेली असती ना. तुम्हाला माहीत होतं का असं होतं?”

ताईला माहीत होतं. पेन ड्राइव्ह देताना दुकानदाराने सांगितलं होतं. तिने ते वर्गात सांगितलं नव्हतं, कारण आधीच कुणी भिंतीकडे बसत नव्हतं आणि दोष सांगून आणखी घाबरवायचं कशाला, असं तिला वाटलं होतं.

ती बाई गेल्यावर ताईने दोन्ही बाजूंचे पंखे बंद केले. खोली शांत झाली आणि सगळ्यांनी वर पाहिलं.

“खुर्च्या इकडे वळवा,” ती म्हणाली.

मग तिने सांगितलं, उभी राहून, पाठ सांगावा तसं. जुनी सिस्टीम वर्षभराने बंद होणार आहे. नवी या मशीनवर चालत नाही. नवी मशीन आपण घेऊ शकत नाही. दुसरी सिस्टीम फुकट आहे, चांगली आहे, पण तिच्यातला तक्ता दुसरीकडे कधी कधी सरकतो, आणि मुलाखतीत तिचं नाव कुणी विचारणार नाही. तुम्ही ती घेतली तर जूनला नवी बॅच होईल. नाही घेतली तर वर्ग बंद होईल. शेवटचं वाक्य तिने पहिल्यासारख्याच आवाजात म्हटलं.

पंखे बंद असल्यामुळे रस्त्यावरचा भाजीवाला स्पष्ट ऐकू येत होता.

“मॅडम,” बोलकी मुलगी म्हणाली, “वर्ग बंद होणार हे आत्ता सांगताय?”

“तुमच्यावर दडपण येऊ नये म्हणून.”

“अहो, पण आम्ही तर फॅन बघून बसत होतो!”

“आणि मी चार्जर बघून,” भिंतीकडची म्होरकी म्हणाली. “आधी सांगायचं ना. आम्ही काय लहान आहोत?”

“मला वाटलं, दया येऊन बसाल.”

“दया?” ती म्हणाली. “मॅडम, मला नोकरी पाहिजे. दया करायला वेळ कुणाला आहे?”

हशा झाला. ताईही हसली, जरा उशिराने. मग ज्या गोष्टीसाठी तिने तीन महिने वाट पाहिली होती, ती चहा येईपर्यंत उरकली. बायांनी आपापसांत आवाज चढवून चर्चा केली. शिक्षिकेला मध्ये बोलू दिलं नाही. सगळ्या मशीनवर फुकटची सिस्टीम टाका, असं ठरलं. पण एक मशीन कंपनीच्या सिस्टीमचं, नवं, कोपऱ्यात ठेवा. मुलाखत ठरली की आदल्या आठवड्यात त्याच्यावर बसायचं. मीठ कुठे आहे तेवढं बघून ठेवायचं. आणि तक्ता सरकू नये म्हणून काय करायचं, ते पहिल्याच आठवड्यात शिकवायचं, शेवटी नाही.

“एक नवं घ्यावं लागेल,” ताई म्हणाली.

“घ्या ना मग,” म्होरकी म्हणाली. “एकच तर सांगतोय. आता फॅन लावा, मॅडम.”

त्या मशीनबरोबर महिन्याचा ऑफिसचा प्रोग्रॅम आला, अँटिव्हायरस आला, पत्ते आले आणि बातम्या आल्या. ताईने त्यातलं काही काढायला सांगितलं नाही. मुलाखतीला जाणाऱ्या मुलींना समोर नेमकं तेच दिसणार होतं. पत्ते मात्र दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर स्वतःच खेळताना मला ती सापडली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नवी नावं येऊ लागली. विहाराबाहेरच्या फळ्यावर वेळेशिवाय काही लिहिलेलं नव्हतं, पण जुन्या मुलींनी आपापल्या गल्लीत सांगितलं होतं. मी त्या दिवशी पावत्या लिहायला बसले होते. तिशीची एक बाई आली. खांद्याला मुलीसाठी घेतलेलं नवं दप्तर, हातात छत्री.

तिने फी पुढे केली. ताईने ती घेतली नाही. आधी बसा म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं: इथली सिस्टीम कोणती, बाहेर कोणती चालते, का, मुलाखतीत काय विचारतात, तक्ता का सरकतो, कोपऱ्यातलं मशीन कशासाठी, आणि दुसऱ्या ठिकाणी कंपनीच्याच सिस्टीमवर शिकायचं असेल तर कॉलनीच्या नाक्यावर एक क्लास आहे, त्याची फी जास्त आहे पण तोही वाईट नाही. आतून बोलकी मुलगी ओरडली, “मॅडम, त्यांचं पत्रकच वाटा ना!” ताईने तिकडे लक्ष दिलं नाही. ती शेवटपर्यंत सांगत राहिली आणि मग म्हणाली, “आता तुम्ही ठरवा. घाई नाही.”

त्या बाईने सगळं नीट ऐकलं होतं. मध्ये एकदा मानही हलवली होती.

“बरं,” ती म्हणाली. “वर्ग किती वाजता असतो?”

“अकरा ते एक.”

“मुलगी साडेबाराला सुटते हो माझी. दहाची बॅच नाही का?”

दहाची बॅच नव्हती. ताईने आतल्या खोलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि फी घेतली. पुढच्या आठवड्यात दहाची बॅच सुरू झाली.